माह्या हातचा कूलर

आता कोणत्या तोंडानं सांगू राजेहो, पण तुमी चहा ठेवलाच हाय तर सांगूनच टाकतो. समोरच्या घरच्या दादारावच्या तोंडून कळण्यापेक्षा माह्याच तोंडून कळलेलं बरं. दादाराव सांगते तवा त्यात पदरचं घालते. मी सांगतो ते निव्वळ खरं. थोडंसं वाढलं तर वाढलं.

पहिले माहा स्वभाव समजून घ्या. मी शाळेत कार्यानुभवाचा मास्तर होतो. जिंदगीभर पोराईले खडू कराले, चटया विणाले, कागदाची पाकिटं चिकटवाले शिकवलं. रिटायर झालो तरी हाताची खाज काई गेली नाई. आमच्या घरातले पाट माह्या हातचे, देवघर माह्या हातचं, चपला ठेवाची मांडणी माह्या हातची. एक स्टूल हाय, त्याचे चार पाय चार दिशेले जातेत. पाहुणा बसला की डुलते.

बायको म्हणते, "अवो, एक स्टूल इकत आणलं तर घर बुडते का?"

मी म्हणतो, "सुमन, इकतचं स्टूल कोणाचंई असते. हे आपलं हाय."

"म्हणूनच त्याच्यावर कोणी दुसऱ्यांदा बसत नाई," ती म्हणते.

तर असं हाय आमच्या घरचं. आता मुद्द्यावर येतो.

मागच्या हिवाळ्यात आमच्या प्राचीचं लग्न झालं. जवाई पुण्याचा, अनिकेत त्याचं नाव. पोरगा इतका गरीब स्वभावाचा की वरणात मीठ नसलं तरी 'छान झालंय' म्हणल अन् दुसऱ्यांदा वाढून घेईल. पण त्याची आई, म्हणजे आमच्या विहीणबाई, लग्नाच्या मांडवात सगळ्याईच्या समोर मले म्हणल्या, "तुमच्या अकोल्यात उन्हाळ्यात माणसं राहतात तरी कशी हो? आमच्या अनिकेतला उकाडा अजिबात सोसत नाही. उन्हाळ्यात काही आम्ही त्याला पाठवणार नाही बाई."

आता तुमीच सांगा. अकोल्याच्या उन्हाले आमी शिव्या देऊ, बोटं मोडू, ते आमचं ऊन हाय. पण पुण्याच्या बाईनं नावं ठेवावी? माह्या डोक्यात सणक गेली. मी तिथंच बोलून बसलो, "ताई, भर उन्हाळ्यात तुमच्या पोरानं माह्या घरी गोधडी मागितली नाई, तर मी अकोल्याचं नाव सांगणार नाई."

सुमननं मागून माहा सदरा ओढला. पण शब्द गेला तो गेला.

अन् नशीब पाहा. यंदा धोंड्याचा महिना नेमका उन्हाळ्यात आला. धोंड्याच्या महिन्यात जवायाले घरी बोलवाचं, ओवाळाचं, अनारसे खाऊ घालाचे, कपडे कराचे, हे तर चुकवून चालत नाई. पत्र्यावर पापड ठेवला तर भाजून निघल अशा दिवसाईत जवाई येणार म्हणल्यावर आमच्या घरात धावपळ सुरू झाली. तेवढ्यात प्राचीचा फोन आला.

"बाबा, अनिकेत इकडं याले तयार हाय. पण त्याच्या आईची नाराजीच हाय. या खेपेस त्याले उकाड्याचा तरास झाला न, तर पुढं मले एकटीलेच यावं लागल अकोल्याले. दरवेळी. तुमी एक चांगला कूलर इकत आणा."

"हो हो."

"इकत, बाबा. आयकू आलं ना?"

आयकू तर आलं. पण पोरीचा आवाज रडवेला होता अन् माह्या शब्दाचाई प्रश्न होता. अशा येळी दुकानातल्या डब्यावर भरोसा ठेवाचा का? माह्या पोरीचा संसार, माह्या गावाची इज्जत, अन् कूलर मात्र परक्याच्या हातचा? मी चप्पल घातली अन् थेट रफिकभाईच्या वर्कशॉपमधी गेलो.

रफिकभाई माहा जुना दोस्त. गेट अन् खिडक्यांच्या ग्रिल बनवते, उन्हाळा लागला की कूलर बनवते. मी म्हणलं, "रफिकभाई, कूलर पाह्यजे."

"ले जाओ ना सर. तयार उभे हायेत."

"तयार नाई पाह्यजे. मी बनवतो."

रफिकभाईनं चष्मा कपाळावर चढवला. "काहून? माह्या कूलरले काय झालं?"

"काई नाई झालं. पण जवायासाठी हाय. सासऱ्याच्या हातचा पाह्यजे."

"सर, जवाई हात पाहते का हवा पाहते?"

पण दोस्त माणूस तो. मी आयकत नाई म्हणल्यावर त्यानं पत्रा काढून दिला. वेल्डिंग मात्र त्यानं स्वतःकडं ठेवलं, म्हणे डोळे काई दुकानात भेटत नाईत. बाकीचं सगळं म्या केलं. पत्रा कापला, त्याच्यासोबत बोटंई कापली. तीन बाजूच्या जाळ्या बनवल्या, त्यात गवत ठासून ठासून भरलं. खाली पाण्याची टाकी, त्यात पंप, वर गवतावर पाणी सोडाच्या नळ्या. अन् पंखा? बाजारातला पिटुकला पंखा मले पसंत नव्हता. वर्कशॉपच्या मागं भंगारात एक जुनी दांडगी मोटार पडेल होती, तीच उचलली, घासली, तिले तेल दिलं. कूलर तयार झाला तवा आमच्या कपड्याच्या कपाटाएवढा दिसे. वर्कशॉपच्या दारातून त्याले आडवा करून काढा लागला.

मोटार जोडाची येळ आली तवा रफिकभाई म्हणे, "सर, वायरिंग मी करून देऊ का?"

मी म्हणलं, "रफिकभाई, आख्ख्या अकोल्याची पोरं माह्या हाताखालून गेली."

"वायरिंग शिकून?"

"चटया शिकून."

त्यानं पकड माह्या हातात देली. आता मोटार जुनी, वायरीचे रंग गेलेले. सगळ्याच काळ्या. एक इकडं जोडली, एक तिकडं जोडली, बटण दाबलं, पंखा फिरला. फिरला म्हणजे झालं ना बावा? अजून काय पाह्यजे?

ट्रायल वर्कशॉपच्या अंगणात घेतली. कूलरचं तोंड होतं भिंतीकडं, कारण बिजलीचा बोर्ड त्याच बाजूले होता. आमी दोघं चहाचे कप घेऊन कूलरच्या पाठीमागं, लिंबाच्या सावलीत बसलो. अन् काय गार हवा आली राजेहो. घामानं भिजेल सदरा घडीभरात वाळला. रफिकभाईनं डोळे मिटले अन् म्हणे, "सर, हे कूलर नाई. हे चिखलदरा हाय."

तोंडाकडं कोण जाऊन पाहते? पाठीमागून एवढी गार, तर पुढून केवढी असल, असा आमी दोघाईनं बसल्या बसल्या हिशोब लावला. त्यानं माह्या हातावर टाळी देली. सांगून ठेवतो, टाळी दोघाईची होती.

कूलर घरी आला. आमच्या समोरच्या खोलीची खिडकी गल्लीत उघडते. कूलर गल्लीत, लोखंडी स्टँडवर, अन् त्याचं तोंड खिडकीतून खोलीत. जवायाले उठाले लागू नये म्हणून बटण म्या बाहेर ओसरीत घेतलं. नेमकी तवा बिजलीची लाईन गेली. सकाळी जवाई अन् प्राची ऑटोतून उतरले, पाय धुतले, चहा झाला, तरी लाईन नाई. प्राची कूलरकडं पाहे अन् माह्याकडं पाहे.

"बाबा, हे इकत आणलं?"

"इकत असं भेटते का कुठी?" मी म्हणलं.

ती कपाळाले हात लावून सैपाकघरात गेली. अन् तेवढ्यात लाईन आली.

मी जवायाले खोलीत बसवलं. त्याच्याशी बोलताना मी शुद्ध बोलतो, कार्यानुभवाचा असलो तरी मास्तर हाय. म्हणलं, "अनिकेतराव, आपण आराम करावा. हा कूलर मी स्वतःच्या हातांनी बनवला आहे."

"अरे वा. छानच आहे, बाबा."

मी कूलर सुरू केला. खोलीचं सैपाकघराकडचं दार सताड उघडं ठेवलं, कारण कूलरले समोरून हवेची वाट लागते, हे अकोल्याच्या लेकरालेई माहीत असते. अन् जवाई आराम करून राहिला म्हणल्यावर सासऱ्यानं तिथं काय कराचं? मी बाहेर गल्लीत, खिडकीखाली खुर्ची टाकून बसलो.

बसलो अन् गारच पडलो. कूलरच्या तिन्ही बाजूनं अशी ओली गार हवा सुटेल की अंगावर काटा यावा. मी मनात म्हणलं, वा रे माह्या पठ्ठ्या. आत भरून एवढी उरली की बाहेर सांडून राहिली.

समोरच्या घरातून दादाराव आला. एसटीत कंडक्टर होता, सगळ्या गोष्टीत आधी धक्का देऊन जागा धरते. त्यानं हवेत हात धरला, परत घरी गेला, अन् आपली बाजच घेऊन आला. बाज कूलरले खेटून टाकली अन् आडवा झाला. म्हणे, "सर, मानलं तुमाले."

मंग त्याची बायको तुरीची डाळ निवडाचं सूप घेऊन आली. मंग तिच्या दोन शेजारणी आल्या. रफिकभाईले जेवाले बोलवलंच होतं, तोई आला अन् स्टँडले पाठ टेकून बसला. आमच्या गल्लीत सकाळून घराची सावली नसते, ऊन असते, पण त्या उन्हातई लोक उठून जाईनात. जो तो तारीफ करे. एक बाई म्हणे, "बाहेर असं हाय तर आत जवायाचं काय होऊन राहिलं असल?"

तेच तर. मी खिडकीतून आवाज देला, "अनिकेतराव, कसं वाटतंय?"

मोटारीच्या घरघरीतून आवाज आला, "छान आहे, बाबा."

आवाज जरा बारीक होता. गारठला असल, म्हणलं.

पाणी प्याले सैपाकघरात गेलो तर सुमन कधी नाई ते खुशीत. गॅसवर एकीकडं अनारसे तळून राहिली, दुसरीकडं जवायासाठी तिखटजाळ ठेचा परतून राहिली. म्हणे, "अवो, आज नवल झालं. एवढ्या मिरच्या परतल्या, पण मले ठसका नाई. सैपाकघरात धूरच नाई. जसा झाला तसा समोरच्या खोलीच्या दारातून निघून चालला."

मी म्हणलं, "सुमन, कूलर कोणाचा हाय?"

आज पहिल्यांदा ती माह्या एखाद्या वस्तूले नावं न ठेवता हसली. मले इतकं बरं वाटलं काय सांगू.

परत जाताना दारातून हळूच आत डोकावलो. जवाई कूलरच्या समोर उभा. डोळ्यातून घळाघळा पाणी. एक हात पुढच्या जाळीवर टेकवेल, जसा देवाच्या पायावर ठेवावा. मले भरून आलं राजेहो. सासऱ्यानं आपल्यासाठी बोटं कापून घेतली, हे आठवून पोरगा रडून राहिला असल. अशा येळी माणसाले एकटं सोडावं, म्हणून मी पाऊल न वाजवता मागं फिरलो.

थोड्या येळानं पाहतो तर त्यानं आपला टॉवेल कूलरच्या जाळीवर पसरवेल. घट्ट चिकटवेल. आता मात्र मले हसू आलं. हवा सोसना म्हणून जाळी झाकून टाकली बिचाऱ्यानं, पण तोंडानं सांगणार नाई. पुण्याचा ना. मी ओसरीत आलो अन् बटण आणखी एक घर पुढं केलं. म्हणलं, आता मागते पाहा गोधडी.

बाहेर दादाराव बाजेवरून ओरडला, "वा सर वा."

मंग ओवाळाची येळ झाली. निरांजन विझू नये म्हणून सुमननं मले कूलर बंद कराले लावला. आमी सगळे खोलीत गेलो. खोलीत जरा उबारा वाटला, पण एवढी माणसं एका खोलीत, उबारा होणारच. जवाई पाटावर बसला. तोंड लालबुंद, सदरा अंगाले चिकटेल, केस ओले. मले वाटलं अंघोळ करून आला. सुमननं ओवाळलं, प्राचीनं अनारस्याचं ताट हातात देलं, म्या कपडे देले. जवायानं वाकून नमस्कार केला, एक मोठा श्वास घेतला अन् म्हणाला, "आता जरा बरं वाटतंय, बाबा."

मी रफिकभाईकडं पाहिलं. रफिकभाईनं माह्याकडं पाहिलं. कूलर बंद झाल्यावर बरं वाटते म्हणजे समजून घ्या किती गार होतं. पंगत सैपाकघरात मांडली होती. जवाई पोटभर जेवला, ठेचा मात्र त्यानं पाहिला अन् वाटी बाजूले सरकवली. म्हणाला, "मघाशीच भरपूर झाला." आमाले काई त्याचा उलगडा झाला नाई.

जेवण झाल्यावर जवायाले पुन्हा खोलीत निजवलं अन् बटण एकदम शेवटपर्यंत फिरवलं. मी स्वतः सैपाकघरातच पंख्याखाली चटईवर लवंडलो. चटई माह्याच हातची. माणसाचं मन भरलं की डोळा लागते, तसा लागला.

उठलो तर प्राची माह्या डोक्याशी उभी. "बाबा, अनिकेत खोलीत नाई."

"नाई म्हणजे?"

"बॅग हाय, मोबाईल हाय, तो नाई."

मी धडपडत उठलो. विहीणबाईचा चेहरा डोळ्यासमोर आला. गारठ्यानं पोरगं पळून गेलं तर नाई? आता दरवेळी पोरगी एकटीच येणार, अन् मी कोणत्या गावाचं नाव सांगणार? चप्पल न घालता तसाच गल्लीत धावलो.

अन् गल्लीत काय पाहतो? दुपारची सावली आलती. कूलरच्या भवताल बाजा, चटया, सतरंज्या. दादारावच्या बाजेवर आमचा जवाई, पाय पोटाशी घेऊन गाढ झोपेल, अन् दादाराव स्वतः खाली सतरंजीवर. रफिकभाई भिंतीले टेकून घोरून राहिला. चपलाच्या आवाजानं नाई, माह्या उघड्या पायाच्या थपथपीनं जवाई जागा झाला. अर्धे डोळे उघडले, अंग चोरलं अन् म्हणाला, "बाबा, एखादी गोधडी मिळेल का? इथे थंडी वाजतेय."

राजेहो, ज्या शब्दासाठी मी बोटं कापून घेतली, तो शब्द मले भेटला. पण भेटला गल्लीत.

मी गोधडी आणाले खोलीत शिरलो. आज पहिल्यांदा मी कूलर पूर्ण जोरात असताना खोलीच्या मधात गेलो. आत अशी धग की भट्टीत शिरलो. मिरचीचा खकाणा नाकात गेला अन् एकामागं एक शिंका सुरू झाल्या. दारावरचा पडदा आडवा होऊन कूलरकडं झेपावून राहिला. जाळीवर जवायाचा टॉवेल तसाच चिकटेल. मी पुढं पाऊल टाकलं तर माह्या खांद्यावरचा दुपट्टा सटकन उडाला अन् टॉवेलच्या शेजारी जाऊन चिकटला.

तवा माह्या डोक्यात उजेड पडला. पंखा उलटा फिरून राहिला होता. माहा कूलर हवा देत नव्हता, ओढत होता. सैपाकघरातली धग, तेलाचा धूर, मिरचीचा ठसका, सगळं जवायाच्या नाकातोंडातून नेऊन, माह्या हातानं भरेल गवतातून गार करून, सकाळपासून गल्लीले वाटून राहिला होता.

प्राची मागं येऊन उभी होती. ती हसेल का रडेल तेच मले समजेना. शेवटी पदर तोंडाले लावून खाली बसली अन् हसली. सुमन म्हणे, "तरीच म्हणलं, आज ठसका नाई." तिचं आपलं ठसक्याचंच.

मी गोधडी घेऊन बाहेर गेलो, जवायाच्या अंगावर टाकली अन् म्हणलं, "अनिकेतराव, सकाळपासून सांगितलं का नाही हो?"

तो बिचारा उठून बसला. "बाबा, तुम्ही स्वतःच्या हातांनी बनवला होता ना. मला वाटलं, तो असाच असेल."

हे आयकून मले हसावं का मातीत जावं ते कळेना. पोरगा खरंच सोन्यासारखा हाय. दुसरा असता तर दुपारच्याच गाडीनं पुण्याले गेला असता. मी त्याचा हात हातात घेतला अन् म्हणलं, "चुकलं माझं."

रफिकभाई उठून डोळे चोळत म्हणे, "सर, त्या दिवशी तोंड भिंतीकडं होतं." मी म्हणलं, "माहीत हाय आता." मंग आमी दोघाईनं कूलर बंद केला, मागची जाळी काढली, अन् काळ्या वायरीतली एक इकडची तिकडं केली. यावेळी वायर रफिकभाईनं धरली अन् म्या बॅटरीचा उजेड पाडला. माहा तेवढाच अधिकार राहिला होता.

बटण फिरवलं. आतून सुमनचा आवाज आला, "अगं बाई, गारच गार." मी धावत आत गेलो. खोलीत हवा अशी की पडदा दाराच्या बाहेर उडून राहिला. जवायाले आत आणलं, पलंगावर बसवलं. त्यानं अंगावरची गोधडी काई सोडली नाई. तेवढ्यात विहीणबाईचा फोन आला. मी कान टवकारले.

"आई, अगं त्रास कसला?" जवाई म्हणाला. "गोधडी घेऊन बसलोय. खरंच. बाबांनी स्वतः आणून दिली."

एक शब्द खोटा नाई. कुठं घेतली होती तेवढं फक्त त्यानं सांगितलं नाई. प्राचीनं माह्याकडं पाहून मान डोलावली, अन् दिवाळीले दोघंई येणार हे तिथंच ठरलं. माही छाती परत फुगली. म्हणलं, शेवटी कूलर झालाच ना. दुकानातल्यापेक्षा चांगलाच झाला. आता गल्लीलेई सांगून येऊ.

ऐटीत बाहेर आलो. गल्लीत सगळे बसले होते तसेच बसेल, पण दादाराव बाजेवर उठून बसेल अन् दुपट्ट्यानं मान पुसून राहिला. त्याची बायको सुपानं वारा घेऊन राहिली. सगळे माह्याकडं असे पाहून राहिले जसा मी त्याईच्या ताटातला घास ओढून घेतला.

दादाराव म्हणे, "काय सर, सकाळपासून चांगला चालत होता. कायले हात लावला? बिघडवला ना आखीर."